चौथा स्टड

कांग-पे मोटारसायकल ढकलत येतोय हे खिमला कळलं ते त्याच्या टोपीवरून. ईशान्येचा वारा समोरून अंगावर येत होता आणि म्हातारा इतका वाकला होता की हँडलच्या वर नुसती टोपीच दिसत होती, हनुवटीखाली सुतळीनं आवळून बांधलेली. बंदरापासून दुकानापर्यंतची चढण एरवी पाव तासाची. त्या दिवशी त्याला तास लागला असावा. पुढ्यात येऊन त्यानं गाडी स्टँडवर लावली, मागच्या माशांच्या टोपल्यांवरचं गोणपाट सारखं केलं, आणि दम खात बराच वेळ नुसता उभा राहिला.

"ओंग आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे आत."

"कसा आहे?"

"जेवतो. झोपतो," खिम म्हणाली.

ओंग तिचा नवरा. सगळं गाव त्याला ओंग-साई म्हणायचं, म्हणजे ओंग उस्ताद. सातव्या महिन्यात, घरोघर पितरांना ताटं वाढायच्या दिवसांत, त्याला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचा, आणि बोलणं तोंडात चिखल धरल्यासारखं झालं. तेव्हापासून तो दुकानात आलेला नव्हता. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती कुणी बघू नये म्हणून मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचा. बाहेर कुणाचा आवाज आला की खुर्ची भिंतीकडे वळवायचा.

दुकान खिमनं बंद केलं नव्हतं. पंक्चर काढणं, प्लग बदलणं, तेल बदलणं, चेन घट्ट करणं एवढं ती करायची. पण चार महिन्यांत एकही इंजिन दारात आलं नव्हतं. इंजिनाचं काम निघालं की लोक पुलापलीकडे माकुंग शहरात जायचे, आणि तिच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे करायचे.

कांग-पेनं हकीकत सांगितली. काल पुलाच्या चढावर गाडीनं जोर सोडला, पांढरा धूर टाकला आणि बसली. खिमनं प्लग काढला, भोकावर अंगठा दाबून धरला आणि किक मारली. अंगठ्याला वाऱ्याची झुळूक लागावी इतकंच लागलं.

"हेडचं गॅस्केट जळलंय," ती म्हणाली. "वरचं सगळं उघडावं लागेल."

म्हातारा गाडीभोवती एक फेरी मारून आला. माकुंगला न्यायची तर टेम्पो बघायला हवा, असं काहीसं पुटपुटला. मग त्यानं खरी अडचण सांगितली. पंधरा दिवस वारा थांबला नव्हता, होड्या बंदरात बांधून पडल्या होत्या. रेडिओवर सांगत होते की पाच दिवसांनी वारा पडेल, दीड-दोन दिवस समुद्र शांत राहील. तेवढ्यात सगळ्या होड्या बाहेर पडणार, मासळी येणार, आणि ती आतल्या सात गावांत दारोदार पोचवायची ती याच गाडीवरून. मग पुन्हा कधी वारा पडेल ते देवाला ठाऊक. हिवाळ्यातले असे मोजके दिवसच तर त्याचे कमाईचे.

"ठेवा इथंच," खिम म्हणाली. "तो सांगेल, मी करीन."

असं आपण का म्हणालो, हे तिला म्हातारा टोपल्या सोडवून घेऊन उताराला लागल्यावरही नीट उमगलं नाही. ओंग काही सांगणार नाही हे तिला ठाऊक होतं. चार महिन्यांत त्यानं तिला साधं कुठला पाना घे एवढंही सांगितलं नव्हतं.

ती आत गेली. ओंगनं सगळं ऐकलं होतं. मधली भिंत फळ्यांची, तिच्यातून सुई पडली तरी ऐकू यायचं. त्यानं डावा हात जोरजोरानं हलवला. "नको," तो म्हणाला. "तुटेल."

"तुटलं तर तुटलं," खिम म्हणाली आणि त्याच्या गळ्यातला भिजलेला रुमाल बदलला.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. गावात त्या वेळी अकरा मोटारसायकली होत्या, आणि ओंगला त्या अकराही आवाजावरून ओळखता यायच्या. दुकान पुढं, चूल मागं, मध्ये ही फळ्यांची भिंत. पंचवीस वर्षं खिमनं रताळ्याची पेज शिजवली ती पलीकडचं ऐकत. हातोडीचे तीन हलके ठोके आणि मग शांतता, म्हणजे तो नटवर डिझेल सोडतोय. पान्याचा एक लांब कण्हल्यासारखा आवाज, म्हणजे बोल्ट सुटला. तो आवाज आला की ती शेवया उकळत्या पाण्यात टाकायची, कारण त्यानंतर हात धुऊन पानावर बसायला त्याला बरोबर तेवढाच वेळ लागायचा. ही गोष्ट तिनं त्याला कधी सांगितली नव्हती. त्याला वाटायचं, बायकोला योगायोगानं वेळ साधते.

कधी कधी तो तिला हाक मारायचा. तुटलेल्या बोल्टात भोक पाडायचं असलं की ड्रिल सरळ धरावं लागतं. एका बाजूनं बघणाऱ्याला एकाच बाजूचं तिरकेपण दिसतं, दुसरी बाजू बघायला दुसरा माणूस लागतो. खिम पिठाच्या हातांनी येऊन बाजूला उकिडवी बसायची. "माझ्याकडे थोडं," ती म्हणायची. "बस. आता सरळ." त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि ती तो मनगटानं पुसायची. मूल होण्याआधीची ती वर्षं. तेव्हा उन्हाळ्यात दुकानापुढं भुईमूग वाळत घातलेला असायचा, आणि गिऱ्हाईक शेंगा फोडत बसून राहायचं.

त्या दुपारी तिनं टाकी उतरवली, कार्बोरेटर काढलं, सायलेन्सर सोडवला. ओंगचे पाने भिंतीवर त्याच्याच क्रमानं टांगलेले होते. प्रत्येक पाना घेताना तिला कुणाचं तरी ताट उचलल्यासारखं वाटत होतं.

हेड चार लांब स्टडांवर बसलेलं असतं, इंजिनाच्या पेटीतून वर आलेले चार पोलादी दांडे, आणि वर चार नट. पुढचे दोन नट सहज निघाले. मागचा उजवा थोडा कुरकुरला. चौथ्यावर, मागच्या डाव्यावर, माशांच्या टोपलीतलं खारट पाणी वर्षानुवर्षं ठिबकत होतं. नट आणि स्टड यांच्यातली फट कुठली ते दिसतच नव्हतं, सगळ्यावर तपकिरी पापुद्रा, आणि ॲल्युमिनियमला पांढरं पीठ फुटलेलं. तिनं तारेच्या ब्रशनं घासलं, डिझेल सोडलं, ठोके दिले, रात्रभर मुरू दिलं. सकाळी पुन्हा ठोके दिले. मग पाना लावला आणि ओंग करायचा तसा आधी किंचित घट्ट करून बघितला.

मग सैल करायला जोर लावला. पाना हलला. खिमच्या छातीत आनंद उसळला, पण तो क्षणभरच. पाना फार मऊ फिरत होता, भिजवलेल्या कणकेत बोट फिरावं तसा. नट सुटत नव्हता, खालचा स्टडच पिळला जात होता. तिला हे कळलं, पण हात थांबायला जरा उशीर झाला. टक् असा बारीक, कोरडा आवाज आला.

फळ्यांच्या पलीकडे खुर्ची करकरली.

खिम तिथंच बसून राहिली. पाना हातात, पान्याच्या टोकाला नट, आणि नटाला धरून स्टड हेडमध्ये खुळखुळत होता. आत जाऊन नवऱ्याला सांगायची गरज नव्हती. असा आवाज त्याच्या हातून पंचवीस वर्षांत तिनं पाच-सहा वेळाच ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

दुपारी कांग-पे आला. लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं त्याला सरळ सांगितलं की चौथा स्टड खाली पेटीत तुटलाय, तुकडा निघाला नाही तर पेटी फुकट जाईल, आणि एवढ्या जुन्या गाडीची पेटी कुठं मिळणार नाही. म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उंबऱ्याशी टेकला, वाऱ्याला पाठ करून तीन काड्या विझल्यावर चौथीनं सिगारेट पेटवली, आणि संपेपर्यंत ओढली.

"ओंग असता तर तुटला नसता," तो शेवटी म्हणाला. रागानं नाही, पाऊस पडला असं कुणी म्हणावं तसा.

"ओंग आहे," खिम म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग आतल्या अंधाऱ्या दाराकडे. आणि उठला.

देवळाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या दोघातिघांच्या कानावर ते गेलंच. ते मुद्दाम दुकानावरून गेले. एकानं थांबून ओंग-सो, म्हणजे ओंगवहिनी, अशी हाक मारून विचारलं की इंजिन मऊ शिजलं का अजून कच्चंच आहे. दुसरा हसला. खिमनं डोक्याचा रुमाल नाकापर्यंत ओढला आणि आपलं काम करत राहिली. वाऱ्याच्या दिवसांत बेटावरच्या बायका तोंड गुंडाळूनच वावरतात, त्यामुळं तिचा चेहरा कुणाला दिसला नाही ते बरं झालं.

त्याच दिवशी मुलाचा, बुनचा, काओश्युंगहून फोन आला. तो कारखान्यात होता, भला मुलगा होता. दर आठवड्याला तो तेच सांगायचा, की दुकान बंद करा, हत्यारं घेणारं कुणीतरी बघतो, दोघं इकडे या. खिमनं नेहमीसारखं बघू म्हटलं नाही. तिनं विचारलं, "तुझ्या तिकडे तुटलेला स्टड कसा काढतात?" बुन म्हणाला की आई, तिकडे तुटलेलं काही काढत बसत नाहीत, नवीन बसवतात.

हेड आणि सिलिंडर पेटीपासून सोडवायला त्या दिवसाचा उरलेला सगळा वेळ गेला. लाकडाचा ठोकळा लावून चारी बाजूंनी ठोके द्यायचे, कढत पाणी ओतायचं, पुन्हा ठोके. तिच्या उजव्या तळहाताला फोड आला आणि फुटला. संध्याकाळच्या आत सिलिंडर हातात आलं. खाली पेटीच्या तोंडावर तीन स्टड ताठ उभे होते. चौथ्याच्या जागी भोक होतं, आणि भोकात, नखभर खोल, तुटलेल्या पोलादाचं चमकतं तोंड.

ओंग बाहेर येणार नव्हता. तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी खिमनं इंजिनाची पेटी चौकटीतून उतरवली, गोणपाटावर ठेवली आणि फरफटत मागच्या खोलीत नेली. ओंगच्या खुर्चीपुढं कपडे धुण्याची पाटी उपडी घातली, तिच्यावर पेटी चढवली. चढवताना तिच्या कमरेत कळ आली. पेटी त्याच्या गुडघ्यांना टेकली. त्याला भिंतीकडे वळायला जागाच उरली नाही.

"बघ," ती म्हणाली.

त्यानं बघितलं नाही. ती चहा करायला गेली, मुद्दाम सावकाश. परत आली तेव्हा त्याचं डावं बोट त्या भोकात होतं. तुटलेल्या तोंडावरून नख फिरवत होता. मान वाकलेली, लाळेची तार पेटीवर पडलेली. खिमनं आधी पेटी पुसली, मग त्याचं तोंड.

"मेण," तो म्हणाला.

देव्हाऱ्यातली लाल मेणबत्ती तिनं आणली. पेटीचा तो कोपरा दिव्याच्या ज्योतीनं तापवला, थुंकी लावलेलं बोट टेकवलं की चर्र होईपर्यंत, मग मेणबत्तीचं टोक भोकात धरलं. मेण वितळून आट्यांमध्ये शिरलं. हे तिनं ओंगला कितीदा करताना बघितलं होतं. तो म्हणायचा, तेल कडेला घुटमळतं, मेण सासुरवाशिणीसारखं गुपचूप आत जातं. आता त्याला एवढं लांब वाक्य बोलता येत नव्हतं. त्यानं नुसतं दोनदा बोटानं दाखवलं, आणखी, आणखी.

मग तुकड्यात भोक पाडायचं. हातानं फिरवायचं ड्रिल तिनं घेतलं. विजेचं होतं, पण ओंगनं मानेनं नको म्हटलं. पंचनं मधोमध खूण करायला तिला अर्धा तास लागला, कारण नेम धरायला तिला एकच डोळा मिटता येत नव्हता. ड्रिल टेकवून ती फिरवायला लागली. ओंग समोरून बघत होता. त्याचं डावं बोट हवेत उभं होतं, आणि ते जिकडे कलेल तिकडे ती मूठ कलवायची. कलून कलून बोट सरळ झालं की ती फिरवायची. पोलादाचे बारीक चकाकते केस वर येत होते. बाहेर वारा पत्र्याला धरून हलवत होता. एकदा तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला, आणि ओंगनं डावा हात पुढं केला. तो हात तिच्या गालाला लागला, नाकापर्यंत पोचलाच नाही. पण खिमनं ड्रिल थांबवलं नाही. तिला वाटलं की आपण थांबलो तर आपल्याला रडू येईल.

भोक सरळ पडलं. इथवर दोघांचं एक होतं.

आता ओंगला हवी होती ती उलट्या आट्यांची सळई. ती भोकात ठोकून डावीकडे फिरवायची, ती आत रुतत जाते आणि तुकडा सोबत फिरतो. सळई टणक पोलादाची, आणि बोल्ट हट्टाला पेटला तर तीच मोडते. मोडली की मग कुठलंही ड्रिल तिला ओरखडासुद्धा काढू शकत नाही. चौदा वर्षांपूर्वी देवळाच्या पुजाऱ्याच्या गाडीत ओंगच्या हातून ती मोडली होती. त्यानं आपल्या स्वतःच्या गाडीची पेटी काढून पुजाऱ्याला बसवून दिली आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही. गावाला हे ठाऊक नव्हतं. खिमला ठाऊक होतं.

तिनं सळई लावली, दांडा फिरवला. पाव फेरा. मग दांड्याला लवचिक, स्प्रिंगसारखं काहीतरी जाणवलं. खाली काही हलत नव्हतं, सळईच पीळ खात होती.

"आणखी," ओंग म्हणाला.

"नाही."

"आणखी!" त्यानं डावी मूठ पेटीवर आपटली.

"मोडेल," खिम म्हणाली. "मला हातात कळतंय. बंदरावर आ-लायकडे नेते. वरून नट वेल्ड करून घेते."

ओंगच्या चेहऱ्याची चांगली बाजू वाकडी झाली. इंजिनाला वेल्डिंगची ज्योत लावायची नाही, पेटी वाकते, हा त्याचा आयुष्यभराचा नियम. बंदरावर होड्यांना ठिगळं लावणाऱ्या वेल्डरकडे इंजिन नेणारे मेकॅनिक त्याच्या लेखी मेकॅनिकच नव्हते. त्यानं बरंच काही बोलायचा प्रयत्न केला. त्यातले खिमला तीनच शब्द कळले. "माझं... दुकान... नाही."

माझ्या दुकानात हे नाही, असं त्याला म्हणायचं होतं की हे माझं दुकानच नाही, ते तिनं विचारलं नाही. सळई हळूच मागं फिरवून सोडवली, पुसून जागच्या जागी टांगली आणि पेटी गोणपाटावर उतरवली. तिच्या पाठीमागं खुर्चीचे पाय फरशीवर घासले. तिनं वळून बघितलं नाही. खुर्ची कुठल्या बाजूला वळली असणार हे तिला माहीत होतं.

हातगाडीवर पेटी बांधून ती बंदराकडे निघाली. उताराला वारा पाठीशी होता आणि गाडी ओढून नेत होता, तिला मागं रेलून टाचा रोवत चालावं लागलं. वाटेतल्या पोवळ्याच्या दगडी कुंपणांआड कोबीचे गड्डे दबा धरून बसल्यासारखे दिसत होते. समुद्र पांढरा झाला होता. ओठांवर मीठ जमत होतं.

आ-लाय एका होडीच्या पोटाखाली उताणा पडून काम करत होता. चाळिशीचा, थट्टेखोर. त्यानं विचारलं, "ओंग-सो, नवऱ्याला सांगून आलीस की पळून आलीस?"

"भांडून आले," ती म्हणाली.

मग तो हसला नाही. उठून बसला, काळा चष्मा वर केला, भोक बघितलं. तिरकं नाहीये, कुणी पाडलं, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितल्यावर नुसतं हं म्हणाला.

तुटलेल्या तोंडावर त्यानं वेल्डिंगचा थेंब थेंब रचत आणला, भोकाच्या कडांना न लागू देता, वर आल्यावर त्यावर नट ठेवून जोडला. निवू दिला. खिमनं पाना लावला. नुसता नटच तटकन तुटून आला. दुसऱ्यांदा जोडला, पुन्हा तुटला. आ-लाय म्हणाला की पेटी तापतेय, आता एकदाच, मग मी हात लावणार नाही. तिसऱ्यांदा त्यानं जास्त वेळ घेतला. नट लाल झाला, मग काळा. खिमनं कमरेच्या पिशवीतून उरलेली मेणबत्ती काढली आणि कडेनं फिरवली. धूर आला, देव्हाऱ्याचा वास आला.

"मी फिरवू?" आ-लायनं विचारलं.

"नको."

तिनं आधी किंचित घट्ट करून बघितलं. मग सैल. हाताला काही लागेना. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. असं किती वेळा केलं ते तिनं मोजलं नाही. वाऱ्यात इतका गोंगाट होता तरी तिला तो आवाज ऐकू आला, अगदी बारीक, ओल्या फळीतून खिळा उपसावा तसा. कणभर. मग आणखी कणभर. तिनं डोळे मिटले आणि पाना फिरवत राहिली, आणि स्टडचा तुकडा पेटीतून निघून तिच्या तळहातावर आला, बोटाच्या पेराएवढा, गरम. फुटलेल्या फोडाला तो भाजला तरी तिनं टाकला नाही.

आ-लायनं पैसे घेतले नाहीत. वारा पडला की गरम शेवया खायला येतो म्हणाला.

संध्याकाळी तिनं ओंगला जेवू घातलं. भोपळ्याच्या शेवया, त्याला गिळता येतील अशा बारीक कापून. तो भिंतीकडे बघत गिळत होता. दोन घास, चार घास. पाचव्याला त्यानं तोंड उघडलं नाही.

"आवाज?" त्यानं विचारलं.

तिला आधी समजलं नाही.

"सुटताना. आवाज. कसा?"

खिमनं वाडगा खाली ठेवला. तोंडानं काढून दाखवायचा प्रयत्न केला, बारीक, दाताआडून. नीट जमला नाही. दुसऱ्यांदा काढला. ओंगनं मान थोडी वळवली. डोळे मिटले होते. बराच वेळ तो तसाच होता, जणू दूरवर कुठं काय वाजतंय ते ऐकत होता. मग त्यानं पाचव्या घासाला तोंड उघडलं.

चौथ्या दिवशी गॅस्केट माकुंगहून बसनं आलं. ओंगच्या जुन्या डब्यात त्याच मापाचा एक स्टड सापडला. तिनं आटे साफ करायचा टॅप भोकातून फिरवून घेतला, स्टड बसवला, सिलिंडर चढवलं, हेड चढवलं, चारी नट कोनाकोनानं थोडे थोडे आवळले. काम करताना तिला वाटत होतं की आतून आत्ता काहीतरी आवाज येईल, नको किंवा जपून. आला नाही.

पाचव्या दिवशी पहाटे ती जागी झाली ती शांततेनं. पत्रा वाजत नव्हता. बाहेर आली तर झेंड्याची काठी सरळ उभी आणि झेंडा तिला लटकलेला. बंदरावरून इंजिनांची फटफट ऐकू येत होती, होड्या निघाल्या होत्या.

कांग-पे उन्हं वर यायच्या आत आला, रिकाम्या टोपल्या दोन खांद्यांवर घेऊन. त्याच्या मागं देवळाच्या पायऱ्यांवरचे दोघं आले होते, सहज आल्यासारखे. खिमनं किक मारली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा इंजिनानं धरलं, थोडा निळा धूर टाकला, आणि धूर विरला. म्हाताऱ्यानं हात सायलेन्सरपाशी नेऊन बघितला आणि मान हलवली. दोघांतल्या एकानं खिशातून सिगारेट काढून खिमपुढं धरली, आणि मग ही बाई आहे हे आठवल्यासारखी परत ठेवली.

खिमला तेव्हाच ते ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजाखाली एक बारीक टिकटिक होती. व्हॉल्व्हची फट केसभर जास्त राहिली होती. गाडी अशीही चालली असती, वर्षभर चालली असती. तिचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला.

फळ्यांच्या मागं खुर्ची सरकली.

तिचा हात तिथंच थांबला. तिनं स्क्रू-ड्रायव्हरऐवजी फडकं उचललं आणि हात पुसायला लागली, एकेक बोट, सावकाश. इंजिन टिकटिकत होतं. आतून काठीचा एक ठोका आला, मग पाय ओढल्याचा लांब आवाज. पुन्हा ठोका, पुन्हा पाय. कांग-पेनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि खिमनं त्याच्याकडे न बघता हातातलं फडकं जरा वर करून त्याला गप्प केलं.

ओंग दारात आला. उजेडाला त्याचे डोळे बारीक झाले. सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागलेली, गळ्यात रुमाल, हनुवटी ओली. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. गाडीपाशी येऊन काठी टाकीला टेकवली, डावा हात सीटवर रोवला आणि वाकून कान इंजिनापाशी नेला, जसा नेहमी न्यायचा. दोघं माणसं अंग चोरून बाजूला झाली.

"डावा," तो म्हणाला. शब्द चिखलातून आला, पण आला. "सैल."

"किती?" खिमनं विचारलं.

त्यानं अंगठ्याचं नख आणि बोट जवळजवळ चिकटवून दाखवलं. तिनं इंजिन बंद केलं, झाकण काढलं, त्याच्या बोटाकडे बघत बघत स्क्रू फिरवला. झाकण लावून पुन्हा किक मारली. आता आवाज एकसारखा होता. ओंगनं आणखी थोडा वेळ कान लावून ठेवला, मग पालथ्या हातानं हनुवटी पुसली आणि सरळ झाला.

कांग-पेनं टोपल्या बांधल्या. निघताना तो गाडीवर बसल्या बसल्या ओंगकडे वळला, आणि चार महिने रोखलेला श्वास सोडावा तसं, बेटावर भेटल्यावर सगळे एकमेकांना विचारतात तेच त्याला विचारलं.

"ओंग-साई, जेवलास का?"

खिमनं फडक्याची घडी घालायला घेतली. मध्ये बोलली नाही.

"जेव... लो," ओंग म्हणाला. "तू?"

म्हाताऱ्यानं हो म्हणून मान डोलावली आणि गाडी उताराला लावली. आवाज वळणापर्यंत गेला, वळणापलीकडेही ऐकू येत राहिला. खिमनं दुकानातलं स्टूल आणून दारात, उन्हाच्या तिरिपेत ठेवलं. ओंग त्यावर बसला, तोंड रस्त्याकडे करून.